उंदराला ‘ऐकू आलं का?’ असं विचारायचं कसं

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे एक खास काठी होती. टोकाला बारीक शिट्टी, तिला जोडलेली रबरी नळी आणि हातापाशी दाबायचा रबरी फुगा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो काठीचं टोक प्राण्याच्या कानाजवळ धरायचा. प्राणी काठीला सरावला, तिच्याकडे दुर्लक्ष करू लागला की फुगा दाबायचा. कान टवकारले तर ऐकू आलं, नाही टवकारले तर बहुधा नाही. १८८३ साली त्याने लिहिलं की अतिउंच पट्टीचा आवाज ऐकण्यात मांजर सर्वांत सरस, आणि कुत्र्यांपैकी लहान कुत्र्यांना तो ऐकू येतो, मोठ्यांना येत नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, हेन्री हेफ्नर यांनी चिहुआहुआपासून सेंट बर्नार्डपर्यंतच्या कुत्र्यांना शिकवून त्यांची श्रवणक्षमता मोजली. आकाराचा आणि वरच्या मर्यादेचा काही संबंध निघाला नाही. मग गॉल्टनला दिसलं ते काय? लहान कुत्रं चटकन दचकतं, मोठं कुत्रं पडल्या जागेवरून ढिम्म हलत नाही, हाच खुलासा पटण्यासारखा आहे. त्याची शिट्टी चांगली होती, प्रश्न विचारायची रीत कच्ची होती. कान न हलणं म्हणजे ‘ऐकू आलं नाही’ असं नसतं. ‘आलं, पण मला काय त्याचं’ असंही असतं.

प्राण्याला शिकवून श्रवण मोजायचं ते यासाठी. आवाज आला तर अमुक कर, नाही आला तर तमुक कर, आणि दोन्ही बाबतींत खरं वागण्यात प्राण्याचा फायदा असेल अशी व्यवस्था करायची. यातलं ‘नाही आला’ हे उत्तर मिळवणं जास्त अवघड.

नेमकं काय मोजायचं

कानाच्या डॉक्टरकडे मिळणारा ऑडिओग्राम बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. आडव्या अक्षावर आवाजाची वारंवारता, म्हणजे हर्ट्झ, आणि उभ्या अक्षावर पातळी, म्हणजे डेसिबल. प्रत्येक वारंवारतेला ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज म्हणजे तिथला उंबरठा. हे बिंदू जोडले की आलेख तयार होतो. प्राण्यांसाठीही हाच आलेख काढतात, फक्त पट्टा मोठा असतो.

उंबरठा हा शब्द जरा फसवा आहे. घराच्या उंबरठ्यासारखी ही ठाम रेघ नसते. तोच हलका सूर दहा वेळा वाजवला तर प्राण्याला कधी ऐकू येतो, कधी नाही. त्यामुळे ज्या पातळीला निम्म्या वेळा ऐकू येतो तिला उंबरठा म्हणायचं, असा संकेत आहे. काही पद्धतींमध्ये हीच खूण सुमारे ७१ टक्क्यांवर असते. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणी कोणती खूण वापरली हे बघावं, कारण नुसत्या त्या फरकाने काही डेसिबल इकडचे तिकडे होतात.

‘अमक्या प्राण्याला इतक्या हर्ट्झपर्यंत ऐकू येतं’ हे विधानही पातळी सांगितल्याशिवाय अर्धवट असतं. सस्तन प्राण्यांची तुलना करताना बहुतेकदा ६० डेसिबलची रेघ धरतात. त्या रेघेवर कुत्र्याचा पल्ला ६७ हर्ट्झ ते ४५ हजार हर्ट्झ, गाईचा २३ हर्ट्झ ते ३५ हजार, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा साधारण ५०० हर्ट्झ ते ६५ हजार. पिटुकल्या घरउंदराला २३०० हर्ट्झच्या खालचं या पातळीला ऐकूच येत नाही, वर मात्र तो ८५ हजारांपर्यंत जातो. आपल्या बोलण्याचा खर्जाकडचा बराच भाग त्याच्या दृष्टीने शांतताच.

तोटी, पाणी आणि खेपा

मोठ्या उंदरासाठी मुरलेली पद्धत अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात रिकी आणि हेन्री हेफ्नर यांनी वर्षानुवर्षं घोटून पक्की केली. गाभा एवढाच: तहानलेला प्राणी तोटीतून पाणी चाटत असतो. आवाज आला की चाटणं थांबवायचं, कारण आवाजाच्या शेवटी तोटीतून हलका विजेचा झटका येतो. आवाज नाही तर बिनधास्त प्यायचं.

साहित्य मोजकंच, पण प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे. पिंजरा बारीक तारेचा, जमिनीपासून उंच, कारण जाड गज आणि जवळची जमीन दोन्ही आवाज परतवतात. तोटी पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला, खालून वर येणारी. उंदीर चाटत असताना त्याचं डोकं एकाच जागी, स्पीकरकडे तोंड करून राहतं, ही तोटीची खरी कामगिरी. पाणी पंपाने संथ आणि सतत सोडायचं. वेग असा की एका बैठकीत त्याची दिवसाची गरज भागावी. जीभ तोटीला लागली की सूक्ष्म विद्युतमंडल पूर्ण होतं, त्यावरून संगणकाला कळतं की उंदीर चाटतोय की थांबलाय. स्पीकर समोर सुमारे एक मीटरवर. खोली दुहेरी भिंतींची, आतून फोमने मढवलेली, जमिनीवर गालिचा. माणूस बाहेर, कॅमेऱ्यावर नजर ठेवून.

पहिले काही दिवस फक्त पाणी. पिंजऱ्यात सोडल्याबरोबर उंदीर तोटीशी जाऊन सलग चाटू लागला की पुढची पायरी. मग मधल्या पट्टीतला, त्याला नक्की ऐकू येईल असा मोठा सूर, आणि सुराच्या शेवटी झटका. झटक्याबरोबर एक दिवा लागतो. दिवा विझला की धोका टळला, पुन्हा प्यायला हरकत नाही. झटक्याची ताकद प्रत्येक उंदरासाठी वेगळी लावावी लागते: तो मागे सरकेल इतपतच. दिवा विझूनही तो तोटीकडे फिरकत नसेल तर ती जास्त झाली, कमी करा. भेदरलेला उंदीर पाणीच पीत नाही आणि मोजमाप तिथेच संपतं. शिकलेला उंदीर सुराच्या आतच जीभ उचलतो, त्यामुळे ऐकू आलेल्या सुराला त्याला झटका बसतच नाही. भारतात असं काही करायचं तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. पाणी किती तोडायचं, वजन किती उतरलं तर थांबायचं, हे सगळं त्या अर्जात लिहून द्यावं लागतं. वजन रोज करायचं.

मोजमाप खेपांमध्ये होतं. एक खेप दोन सेकंदांची, दोन खेपांमध्ये दीड सेकंद. बहुतेक खेपा रिकाम्या, म्हणजे शांततेच्या. साधारण २२ टक्के खेपांमध्ये सूर वाजतो, तोही कधी येणार याचा अंदाज बांधता येऊ नये अशा क्रमाने. सूर सलग नसतो: ४०० मिलिसेकंद चालू, १०० बंद, असे चार ठोके. कानाला आवाज नीट ‘जमा’ करायला सुमारे २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. ठोका याहून आखूड ठेवला तर उंबरठा उगाच वर सरकतो. खेपेच्या शेवटच्या १५० मिलिसेकंदांत निम्म्याहून जास्त वेळ जीभ तोटीपासून दूर असेल तर ‘थांबला’ अशी नोंद. मधेच मिशा साफ करायला थांबला तर तो गोंधळ मोजायला नको, म्हणून फक्त शेवटचा तुकडा बघायचा.

रिकाम्या खेपेतही तो थांबला, तर ती हूल. या हुलांचा हिशेब हाच पद्धतीचा कणा. समजा ८ हजार हर्ट्झचा सूर २० डेसिबलला सात वेळा वाजवला, उंदीर सहा वेळा थांबला: ०.८६. त्याच तुकडीतल्या २५ रिकाम्या खेपांत तो दोनदा थांबला: ०.०८. आता ०.८६ मधून ०.८६ गुणिले ०.०८ वजा करायचे, उरले ०.७९. मग १५ डेसिबलला सातपैकी तीनदाच थांबला, हुला तेवढ्याच: ०.४३ वरून दुरुस्त आकडा ०.४०. निम्म्याची, म्हणजे ०.५० ची खूण या दोघांच्या मध्ये पडते, १६.३ डेसिबलच्या आसपास. तो त्या दिवसाचा उंबरठा. हुला वजा केल्या नाहीत तर भित्रा उंदीर तीक्ष्ण कानाचा ठरतो आणि हावरट उंदीर बहिरा.

पातळी आधी दहा-दहा डेसिबलने उतरवायची, उंबरठा जवळ आला की पाच-पाचने. वेगवेगळ्या तीन दिवसांचे आकडे एकमेकांपासून तीन डेसिबलच्या आत आले की ती वारंवारता झाली. मग पुढची. एका प्राण्याचा पूर्ण आलेख ही आठवड्यांची बेगमी असते, तासाभराचं काम नव्हे.

फसगत कुठे होते

प्राण्याला सूर ऐकू येतो की सुराबरोबर आलेलं आणखी काही, हा संशय शेवटपर्यंत सोडायचा नाही. त्याला सुराशी देणंघेणं नसतं. झटका टळावा एवढंच त्याला हवं असतं. जी खूण सोपी, ती तो पकडतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘टक’. सूर एकदम चालू केला तर स्पीकर टक करतो, आणि त्या टकेत सगळ्या वारंवारता मिसळलेल्या असतात. उंदराला न ऐकू येणारा सूर लावा, तो टक ऐकून थांबेल. म्हणून सूर दहा मिलिसेकंदांत हळूच चढवायचा, तसाच उतरवायचा. खर्जात तेवढ्याने भागत नाही: २० हर्ट्झचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच ५० मिलिसेकंद लागतात, तिथे चढउतार आणखी लांबवावा लागतो. चालू-बंद करणारा स्विच खोलीत असेल आणि त्याचीच बारीक कटकट होत असेल, तर बाकी सगळं व्यर्थ. स्पीकरची तार काढून अख्खी बैठक चालवून बघावी. प्राणी तरीही बरोबर थांबत असेल तर तो दुसरंच काही ऐकतोय.

दुसरी चूक स्पीकरची. मूळ सुराबरोबर तो त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे उपस्वर मिसळतो. मूळ सूर ९० डेसिबलला आणि विकृती, म्हणजे मूळ सुराच्या दाबाशी उपस्वराच्या दाबाचं प्रमाण, एक टक्का, तर उपस्वर ५० डेसिबलला निघतो. ज्या प्राण्याला मूळ सूर ऐकू येत नाही पण उपस्वराच्या जागी उंबरठा ३० आहे, त्याला तो उपस्वर ठणठणीत ऐकू येणार, आणि आपण लिहिणार की याला खर्ज छान ऐकू येतो. खर्जातले अविश्वसनीय आकडे पाहिले की आधी स्पीकरकडे बोट दाखवावं. हत्तीसारख्या प्राण्याच्या बाबतीत फरशीची थरथरही तपासावी लागते, नाहीतर आपण पायाचं मोजमाप करून कानाचं म्हणून छापायचो.

वरच्या पट्टीत त्रास वेगळा. २० हजार हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी हवेत फक्त १७ मिलिमीटर. भिंतीवरून, पिंजऱ्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजाशी मिसळला की काही मिलिमीटरच्या अंतराने कुठे आवाज मोठा, कुठे जवळजवळ नाहीसा. मायक्रोफोन उंदराच्या कानांच्या जागी धरून, प्राणी पिंजऱ्यात नसताना, आजूबाजूच्या दोन-चार जागाही मोजायच्या. त्यात मोठी तफावत दिसली तर स्पीकर किंवा फोम हलवायचा. मोजणी रोज, बैठकीआधी. पाव इंची मायक्रोफोन यासाठीच लागतो. मोठा मायक्रोफोन स्वतःच आवाज अडवतो.

खोलीची शांतता हाही असाच प्रश्न. वातानुकूलन यंत्र, ट्यूबलाइटचा चोक, संगणकाचा पंखा. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत अतिउंच पट्टीत काय चाललंय ते कानाला कळत नाही, यंत्रावरच बघावं लागतं. पार्श्वभूमीचा गोंगाट एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर उंबरठा कानाचा मिळत नाही, गोंगाटाचा मिळतो. एखाद्या पट्टीत सगळ्या प्राण्यांचा आकडा अगदी एकसारखा येतोय, हेही याचं लक्षण असू शकतं.

आणि माणूस. दारावर येणारा नंदीबैल ‘पाऊस पडेल का?’ या प्रश्नाला मान हलवतो, तेव्हा त्याने प्रश्न समजून घेतलेला नसतो. मालकाची सूक्ष्म खूण त्याला कळलेली असते. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची हीच गोष्ट. तो गणितं सोडवून खुराने उत्तर देतो असं लोक मानत होते. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवलं. नंदीबैलवाला खूण मुद्दाम देतो, हान्ससमोरची माणसं नकळत देत होती. प्राण्याला त्याने फरक पडत नाही. म्हणून प्राण्याजवळ माणूस असणारच असेल, तर ही खेप सुराची की रिकामी हे त्याला कळता कामा नये.

बैठकीच्या उत्तरार्धात उंदराची तहान भागते आणि तो कंटाळतो, हुला वाढतात. फार तहानलेला असेल तर उलट, झटका परवडला पण पाणी सोडणार नाही असा हिशेब तो करतो. त्यासाठी शेवटी तीन-चार मोठे, नक्की ऐकू येणारे सूर लावून बघायचे. त्यांनाही तो थांबत नसेल तर त्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे, हळहळायचं नाही.

मासा देऊन विचारायचं

सगळ्यांना झटका चालत नाही आणि सगळ्यांना तो लागतही नाही. बजी म्हणून आपल्याकडे घरोघरी पाळतात त्या पोपटांना दोन कळा देतात. एकीवर चोच मारली की खेप सुरू, सूर ऐकू आला की दुसरीवर, बक्षीस धान्याचे दाणे. सूर नसताना दुसरी कळ मारली तर काही सेकंद दिवे बंद. अंधार ही पुरेशी शिक्षा ठरते.

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात सील आणि सी-लायन यांच्यावर असं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सील पाण्याखाली ठरलेल्या आधारावर हनुवटी टेकवतो. दिवा लागतो, म्हणजे ‘आता ऐक’. सूर आला तर नाकाने शेजारची पट्टी दाबायची, नाही आला तर दिवा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. दोन्ही बरोबर उत्तरांना मासा सारखाच. ही बरोबरी मोडली आणि फक्त पट्टी दाबण्यालाच मासा मिळू लागला, तर सील प्रत्येक खेपेत पट्टी दाबेल. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. बक्षिसाचं पारडं किती झुकवायचं यावरून प्राणी किती ‘हो’ म्हणतो हे ठरतं, आणि कान तोच असताना उंबरठा काही डेसिबलने हलतो. हुला शून्य येत असतील तर खूश होऊ नये. प्राणी अतिसावध झालाय, शंका असली की गप्प बसतोय, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

इथे पातळी जिन्यासारखी उतरते: ऐकू आलं की चार डेसिबल खाली, चुकलं की चार वर. उंबरठ्याजवळच्या कठीण खेपा सलग दिल्या तर प्राणी वैतागतो, म्हणून मधूनमधून सोपे सूर पेरायचे.

पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाचे, हे विसरणारे बातमीदार नेहमी भेटतात. शून्य डेसिबल ज्या दाबाला म्हणायचं तो संदर्भदाब हवेत २० मायक्रोपास्कल, पाण्यात १. नुसत्या यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. पाण्याची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग धरला तर त्याच तीव्रतेचा आकडा पाण्यात सुमारे ६२ ने मोठा दिसतो. ‘देवमाशाचा आवाज जेट विमानाहून मोठा’ छापाची वाक्यं इथूनच येतात.

एकाच प्राण्यावर विसंबलं तर

१९७२ मध्ये एका किलर व्हेलचा ऑडिओग्राम प्रसिद्ध झाला. वरची मर्यादा ३२ हजार हर्ट्झच्या आसपास. डॉल्फिनच्याच कुळातल्या प्राण्याला हे फार कमी होतं. बॉटलनोज डॉल्फिन १ लाख ५० हजारांपर्यंत ऐकतो हे १९६० च्या दशकातच मोजलेलं होतं. १९९९ मध्ये दुसऱ्या दोन किलर व्हेलना शिकवून मोजल्यावर मर्यादा १ लाखाच्या घरात निघाली. पहिल्या प्राण्याचा कान अधू असावा. पद्धतीत खोट नव्हती, पण एका प्राण्याचं ऐकणं सगळ्या जातीचं म्हणून छापलं गेलं, आणि ते दोन दशकांहून जास्त काळ संदर्भ म्हणून वापरलं गेलं. वय, पूर्वी दिलेली, कानाला इजा करू शकणारी जेंटामायसिनसारखी औषधं, आणि वाण यांची नोंद म्हणूनच लागते. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा सी-५७ ब्लॅक-६ हा घरउंदराचा वाण तर तरुणपणीच वरच्या पट्टीपासून बहिरा होऊ लागतो.

इतकी यातायात करण्यापेक्षा बेरा का करू नये, असं कोणी विचारेल. नवजात बाळाची करतात तीच चाचणी: डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदूच्या देठातून येणारा विद्युतसंकेत टिपायचा. प्राण्याला भूल दिली की तासाभरात सगळा पट्टा होतो, शिकवणं नाही, पाणी तोडणं नाही. जंगलात पकडून सोडून द्यायच्या प्राण्यासाठी तर दुसरा मार्गच नाही. पण बेराला लागतो एकदम सुरू होणारा छोटा आवाज, म्हणजे अनेक चेतातंतू एकाच क्षणी पेटावेत. खर्जात ते जमत नाही, तिथे बेरा प्राण्याला आहे त्यापेक्षा बराच बहिरा ठरवते. मधल्या पट्टीतही तिचा उंबरठा शिकवलेल्या प्राण्यापेक्षा बहुधा वरच असतो. शिवाय संकेत देठापर्यंत पोचला एवढंच ती सांगते; प्राण्याने तो ऐकला का, हे नाही. म्हणून जिथे शक्य तिथे एकाच प्राण्यावर दोन्ही करून फरकाचा तक्ता बनवतात आणि पुढच्या प्राण्यांची बेरा त्या तक्त्याने दुरुस्त करून वाचतात.

सगळ्या वारंवारता संपल्या की सर्वांत आधी मोजलेली वारंवारता पुन्हा एकदा घ्यायची. पाचेक डेसिबलच्या आत जुळली तर आलेख ठेवा. आकडा सुधारला असेल तर प्राणी मधल्या काळात अजून शिकत होता आणि सुरुवातीचे बिंदू परत काढावे लागतील. बिघडला असेल तर आधी स्पीकर मोजा, मग कानात मळ किंवा संसर्ग आहे का ते पशुवैद्याकडून बघून घ्या.